जुन्या फ्लॅटच्या दस्ताला इमारतीचा अहवाल जोडा

जुना फ्लॅट घ्यायचं ठरलं की कागदांची धावपळ सुरू होते. आधीच्या करारनाम्यांची साखळी, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला. वकील मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च काढून देतो. बँक आपला वेगळा वकील लावते, वर व्हॅल्युअर पाठवते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी भरून दस्त होतो. एवढ्या जाड फाइलमध्ये सहसा एकही कागद असा नसतो, ज्यावरून कळावं की ज्या खांबांवर हे घर उभं आहे ते कोणत्या अवस्थेत आहेत, शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, कधी झालं, त्यात काय निघालं आणि दुरुस्तीसाठी सोसायटीच्या खात्यात किती पैसे आहेत.

माझं म्हणणं असं आहे की १५ वर्षांहून जुन्या इमारतीतला फ्लॅट विकला जाणार असेल, तर त्या इमारतीचा ताजा ऑडिट अहवाल आणि दुरुस्ती निधीचा हिशेब दस्ताला जोडणं कायद्यानं सक्तीचं व्हावं. ते जोडलेले नसतील आणि ऑडिट झालेलं नाही असं दस्तात स्पष्ट लिहिलेलंही नसेल, तर दुय्यम निबंधकांनी दस्त नोंदवू नये. यानं खरेदीदाराची फसवणूक टळेल, पण माझ्या दृष्टीनं तो दुय्यम फायदा. मोठा फायदा हा की आपल्या शहरांतल्या इमारतींची देखभाल त्यामुळे सुरू होईल. आज ती बहुतेक ठिकाणी होतच नाही, कारण ती केल्याचं बक्षीस कुणालाच मिळत नाही आणि न केल्याची किंमत शेवटी कुणीतरी भलताच मोजतो.

नव्या घरांच्या बाबतीत आपण बरंच पुढे आलो. २०१६ चा रेरा म्हणजे स्थावर संपदा नियमन कायदा आला, २०१७ पासून महारेराचं, म्हणजे राज्याच्या नियामक प्राधिकरणाचं, काम सुरू झालं. चटई क्षेत्राची व्याख्या पक्की झाली, करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बंदी आली, ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवणं बिल्डरला भाग पडलं. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो बिल्डरनं ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा, असंही कायदा सांगतो. मात्र ती ५ वर्षं संपली की संरक्षणाची भिंत संपते. २५ वर्षं जुन्या इमारतीत घर घेणारा माणूस पूर्णपणे स्वतःच्या नजरेवर अवलंबून असतो, आणि त्याची नजर असते मॉड्युलर किचनवर.

इथे आपल्या समजुतीतली एक चूक नडते. फ्लॅट घेतला म्हणजे चार भिंती आपल्या झाल्या असं आपण धरून चालतो. घर उभं ठेवणाऱ्या वस्तू मात्र सगळ्या सामाईक असतात: पाया, खांब, तुळया, स्लॅब, गच्ची, बाहेरच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, सांडपाण्याचे पाइप. सहाव्या मजल्यावर इटालियन मार्बल बसवलेल्या कुटुंबाची सुरक्षितता तळमजल्यावरच्या दुकानदाराच्या हातात असते. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावरच्या नर्सिंग होममध्ये दुरुस्तीचं काम सुरू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यांवरच्या रहिवाशांनी आपापल्या घरात काहीही वावगं केलेलं नव्हतं.

इमारत म्हातारी होते ती प्रामुख्यानं पाण्यानं. आरसीसीमधली (सळई घातलेल्या काँक्रीटमधली) सळई आत सुरक्षित असते, कारण ताज्या सिमेंटमधला अल्कलीपणा तिच्यावर गंज चढू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये मुरत जातो आणि हा अल्कलीपणा कमी होत जातो. मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी या किनारपट्टीवर खाऱ्या हवेतले क्लोराइड त्यात भर घालतात. मग गच्चीच्या भेगेतून, बाथरूमच्या नहाणी ट्रॅपच्या कडेनं, बाहेरच्या भिंतीला खेटून वाढलेल्या पिंपळाच्या मुळाशी पाणी झिरपतं आणि सळई गंजायला लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. तो आतून काँक्रीटला फोडतो. आधी खांबावर किंवा तुळईवर सळईच्या रेषेत उभी-आडवी चीर दिसते, मग गिलावा फुगतो, वाजवला की पोकळ आवाज येतो, आणि एक दिवस स्लॅबचा पोपडा खाली पडून तांबूस सळया उघड्या पडतात.

या शेवटच्या टप्प्यावर आपण काय करतो? गवंडी बोलावतो, सिमेंट-वाळूचा लेप देतो, वर पुट्टी आणि रंग. गंजलेली सळई आत तशीच राहते, गंज चालूच राहतो, फक्त आता तो दिसत नाही. नीट दुरुस्तीत सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत तोडावं लागतं, सळई घासून स्वच्छ करावी लागते, फार झिजली असेल तर जोडसळई द्यावी लागते, गंजरोधक लेप, मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट, आणि हे सगळं होईपर्यंत वरचा भार टेकूंवर. हे काम वेळखाऊ आणि महाग आहे. शिवाय ज्या गळतीमुळे हे झालं ती आधी थांबवली नाही, तर तेही वाया जातं. म्हणून गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि पाइपांची दुरुस्ती आधी, खांब-तुळयांची दुरुस्ती त्यानंतर आणि रंग सगळ्यात शेवटी, हा क्रम पाळायला हवा. कितीतरी सोसायट्या रंगापासून सुरुवात करतात, कारण रंग दिसतो.

फ्लॅटच्या आतल्या नूतनीकरणाबद्दल मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण घर घेतल्यावर पहिल्याच महिन्यात होणारं हे काम सगळ्या इमारतीवर परिणाम करतं आणि त्याकडे फार हलक्यानं पाहिलं जातं. कल्याण पूर्वेच्या सप्तशृंगी इमारतीत २० मे २०२५ रोजी चौथ्या मजल्यावर फरशीचं काम सुरू असताना स्लॅब कोसळला आणि खालचे स्लॅब घेऊन गेला. सहा जण मृत्युमुखी पडले. फरशी बदलणं हे आपण पडदे बदलण्याइतकं साधं काम मानतो. हिशेब करून पाहा. जुनी फरशी न काढता तिच्यावर ४ सेंटीमीटर मसाला आणि १ सेंटीमीटर टाइल घातली, तर दर चौरस मीटरला १०० किलोच्या आसपास वजन वाढतं. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं, सामान, फर्निचर या सगळ्यांसाठी मिळून भारतीय मानकात धरलेला भार दर चौरस मीटरला साधारण २०० किलो आहे. म्हणजे पाहुणे येण्याआधीच निम्मी मुभा फरशीनं खाल्ली. १२० चौरस फुटांच्या एका खोलीत हे जादा वजन टनाच्या वर जातं. आणि जुनी फरशी काढायची म्हणून ब्रेकरनं स्लॅब हादरवला, तर ज्या काँक्रीटला आधीच आतून गंजानं सोडवलंय ते सुटून येतं.

मार्ग आहेत. जुनी फरशी हातानं, छोट्या छिन्नीनं काढून घ्यावी. किंवा स्लॅब चांगला असल्याची खात्री इंजिनीअरकडून करून जुन्या फरशीवर पातळ टाइल ॲडहेसिव्हनं बसवावी, म्हणजे मसाल्याचं वजन टळतं. संडास-बाथरूमचा खोलगट स्लॅब पुन्हा भरताना विटांच्या तुकड्यांऐवजी हलक्या ब्लॉकचे तुकडे वापरावेत. बाल्कनी खोलीत घेऊन तिच्या टोकाला विटांची भिंत चढवू नये. बाल्कनी कँटिलिव्हर, म्हणजे एकाच बाजूनं आधार असलेली, असते; तिच्या टोकावर ठेवलेला प्रत्येक किलो जास्त ताण देतो. खांब किंवा तुळईतून एसीचा पाइप न्यायला छिद्र पाडू देऊ नये, कंत्राटदार कितीही म्हणाला की 'एवढ्यानं काही होत नाही' तरी. आणि सोसायटीनं नूतनीकरणाची परवानगी देताना अनामत रक्कम घेण्यावर समाधान मानू नये. इंजिनीअरची सही असलेला नकाशा मागावा आणि काम चालू असताना एकदा तरी आत जाऊन पाहावं.

आता पैशांकडे येतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत देखभालीची तरतूद नाही असं मुळीच नाही. बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) प्रत्येक सदनिकाधारकाकडून घ्यायचा, असं त्यात लिहिलेलं आहे. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं, हेही आहे. मुंबईत तर महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांवरच्या इमारतींना ऑडिट बंधनकारकच आहे. कागदावर सगळं आहे.

६०० चौरस फुटांच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च चौरस फुटाला २,५०० रुपये धरला, तर तो १५ लाख होतो. दोन्ही निधी मिळून १ टक्का, म्हणजे वर्षाला १५,००० आणि महिन्याला १,२५० रुपये. त्याच फ्लॅटसाठी कुणी ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं असेल, तर महिन्याचा हप्ता ५२,००० रुपयांच्या पुढे जातो. तो हप्ता आपण एक दिवसही चुकवत नाही. १,२५० रुपयांवर मात्र वार्षिक सभेत दोन तास वाद होतो. 'आम्ही तळमजल्यावर राहतो, गच्चीचे पैसे आम्ही का द्यायचे', 'मी फ्लॅट भाड्यानं दिलाय, मला काय करायचंय', 'दोन वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे, आता कशाला खर्च'. या सभांना बसलेल्या प्रत्येकानं ही वाक्यं ऐकली आहेत. त्यातच एक तांत्रिक खोट अशी की अनेक जुन्या सोसायट्या हा टक्का इमारत बांधली तेव्हाच्या खर्चावर काढतात. १९८५ च्या भावावर काढलेल्या टक्क्यातून आजचा वॉटरप्रूफिंगवाला येणार नाही. उपविधींनी दिलेला दर किमान आहे. सर्वसाधारण सभा तो वाढवू शकते आणि तिनं तो वाढवायलाच हवा.

यातलं तिसरं वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. पुनर्विकासाच्या आशेनं मुंबई-पुण्यातल्या असंख्य इमारती देखभालीविना सोडून दिल्या आहेत. पुनर्विकास वाईट नाही. जिथे इमारत खरोखर थकली आहे, जिथे जमिनीचं अभिहस्तांतरण (मालकीचं हस्तांतरण) सोसायटीच्या नावे झालं आहे आणि एफएसआयचं, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल याचं, गणित बसतं, तिथे तो करावा. २०१९ च्या शासन निर्णयांनी ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरवली, स्वयंपुनर्विकासालाही (सोसायटीनं बिल्डरविना स्वतः केलेल्या पुनर्विकासालाही) सवलती दिल्या, हे चांगलंच झालं. पण पुनर्विकास ठरवणं, बिल्डर निवडणं, परवानग्या मिळणं, प्रत्यक्ष घर रिकामं करणं यात वर्षांमागून वर्षं जातात. तितके पावसाळे ती इमारत उघड्या सळयांनी काढते. आणि ज्या ठिकाणी जमिनीचा भाव कमी आहे, रस्ता अरुंद आहे किंवा मूळ बांधकामच परवानगीहून जास्त झालेलं आहे, तिथे बिल्डर कधी येतच नाही. डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, वसई-विरार पट्ट्यातल्या हजारो कुटुंबांपुढे हेच वास्तव आहे. त्यांच्यासाठी दुरुस्ती हाच एकमेव उपाय आहे.

मुंबई बेटावरच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या, चाळींनी हा धडा आपल्याला आधीच दिलेला आहे. भाडं गोठलं, मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला ती आपली जबाबदारी वाटेना, आणि म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला कामाचा डोंगर पेलेना. मालकी हक्काच्या सोसायटीत तर आपणच मालक आहोत, आणि तरी त्याच वाटेनं चाललो आहोत.

म्हणून मी पुन्हा दस्ताच्या टेबलाशी येतो. आज एकाच गल्लीत दोन इमारती असतात. एकीनं दर ५ वर्षांनी ऑडिट केलं, निधी जमवला, गच्ची वेळेवर केली. दुसरीनं काहीच केलं नाही. दोन्हीकडे फ्लॅटचा भाव जवळपास एकच असतो, कारण एजंट भाव सांगतो तो गल्लीचा. मग पहिल्या इमारतीतल्या सभासदांनी एवढी वर्षं महिन्याला जास्त पैसे का भरावेत? अहवाल दस्ताला जोडला गेला की फरक किमतीत दिसेल. सभेत 'आता कशाला खर्च' म्हणणाऱ्याला कळेल की तो वाचवतो आहे त्याहून जास्त रक्कम विकताना गमावणार आहे. सुरक्षिततेचं आवाहन ज्यांच्यापर्यंत पोचत नाही, त्यांच्यापर्यंत हे गणित पोचेल.

आक्षेप घेतले जातील, आणि ते खोटे नाहीत. पहिला असा की अहवाल विकत मिळतील. मिळतात, हे मान्य करायला हवं. घाई असलेल्यांना इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरवून हवी असते, तर काहींना ती धडधाकट असल्याचा दाखला. एकाच इमारतीचे दोन परस्परविरोधी अहवाल आल्यावर निवाडा करायला मुंबई महापालिकेला तांत्रिक सल्लागार समिती ठेवावी लागते, यावरूनच हा प्रश्न किती नेहमीचा आहे ते कळतं. त्यावर उतारा असा की एका पानाचं मत चालणार नाही. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, हाफ सेल पोटेन्शिअल, कार्बोनेशनची खोली या, काँक्रीट आणि सळईची अवस्था मोजणाऱ्या चाचण्यांचे आकडे, चाचणीची जागा दाखवणारा नकाशा आणि फोटो जोडावे लागतील, आणि अहवाल महापालिकेकडे नोंदलेल्या इंजिनीअरचाच असेल. आकडे उघड असले की खोटं बोलणं अवघड होतं, कारण पुढचा इंजिनीअर त्याच खांबावर तेच यंत्र लावू शकतो.

दुसरा आक्षेप, सोसायटीची समिती अहवाल द्यायला अडवणूक करेल. अडवणूक करणाऱ्या समित्या आहेतच. म्हणून अहवाल मागायची गरजच पडू नये. ऑडिट झालं की तो सहकार खात्याच्या पोर्टलवर सोसायटीच्या नोंदणी क्रमांकाखाली चढवला जावा. ज्या सोसायटीनं मुदतीत ऑडिट केलं नाही, तिथे विकणाऱ्या सभासदाचा दस्त अडवून ठेवू नये. तसं स्पष्ट लिहून आणि खरेदीदाराची त्यावर सही घेऊन तो नोंदवता यावा. 'या इमारतीचं ऑडिट झालेलं नाही' हे वाक्य दस्तात असणं हीसुद्धा मोठी माहिती आहे.

उपविधींतली आणि माझ्या सूचनेतलीही १५ वर्षांची मर्यादा खरं तर मला अपुरी वाटते. महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० रोजी पडली, १६ माणसं गेली, आणि ती इमारत जेमतेम दहा वर्षांच्या आसपासची होती. रेराची ५ वर्षं संपण्याआधीच एक ऑडिट सोसायटीनं करून घ्यावं, म्हणजे दोष बिल्डरकडून दुरुस्त करून घेता येतील. सोसायट्या ही संधी का सोडतात, मला कळत नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. आज घर बघायला निघालेल्यानं विकणाऱ्यालाच कामाला लावावं. सहकार कायद्यानुसार सभासदाला सोसायटीची कागदपत्रं पाहण्याचा हक्क आहे. तेव्हा मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल त्याच्याकडून मागून घ्यावा. इतिवृत्तात गळतीच्या तक्रारी किती वर्षं त्याच त्याच आहेत, ते वाचलं तरी निम्मं चित्र कळतं. मिळकत पत्रिकेवर जमीन कुणाच्या नावे आहे, अभिहस्तांतरण किंवा मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरनं करून न दिल्यास शासकीय आदेशानं होणारं) झालंय का, ते पाहावं. मग फ्लॅट सोडून इमारत पाहावी: पार्किंगमधले खांब खालपासून वरपर्यंत, जिन्याच्या पायऱ्यांची खालची बाजू, लिफ्टच्या मशिनरूमचा स्लॅब, वरच्या टाकीचा तळ, आणि गच्ची. शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये जावं, नुकताच रंग दिलेला असेल तर दोनदा जावं. शेवटच्या मजल्याच्या घरात छताकडे पाहावं आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला विचारावं की तुमच्या बाथरूमला वरून ओल येते का. आणि स्वतःच्या खर्चानं एक स्ट्रक्चरल इंजिनीअर सोबत न्यावा. वकिलाला आपण देतोच, त्याच रांगेतला हा खर्च आहे.

राहिला तिसरा आणि मला सगळ्यात जड वाटणारा आक्षेप. अहवाल उघड झाले की ज्या इमारतींत पेन्शनवर जगणारी, रोजंदारीवरची, कर्जात बुडालेली कुटुंबं राहतात त्यांच्या घरांचे भाव पडतील, आणि दुरुस्तीला पैसे तर त्यांच्याकडे आधीच नाहीत. हे खरं आहे, आणि याचं उत्तर नुसत्या माहितीच्या सक्तीत नाही. पण शासन या व्यवहारात तिऱ्हाईत नाही. मुंबईत ७० लाखांच्या जुन्या फ्लॅटवर ६ टक्क्यांनी ४ लाख २० हजार रुपये मुद्रांक शुल्क जमा होतं. तोच फ्लॅट दहा वर्षांनी पुन्हा विकला गेला की पुन्हा शुल्क. त्याच इमारतीतून सरकारनं अनेकदा कमाई केलेली असते. पुनर्विक्रीच्या शुल्कातला ठरावीक हिस्सा जिल्हानिहाय दुरुस्ती निधीत जावा. त्यातून सोसायट्यांना कमी व्याजाचं दीर्घ मुदतीचं कर्ज मिळावं, अहवालात धोका जास्त आणि उत्पन्न कमी असलेल्या इमारतींना आधी. कर्ज सोसायटीच्या नावे असावं, हप्ता मेंटेनन्सच्या बिलात यावा आणि पैसे कामाच्या टप्प्याटप्प्यानं, इंजिनीअरच्या मोजमापावर सुटावेत. जिल्हा सहकारी बँका स्वयंपुनर्विकासाला कर्ज देऊ शकतात, तर दुरुस्तीलाही देऊ शकतात. दुरुस्तीची रक्कम त्यामानानं कितीतरी लहान असते आणि तेवढ्या काळात सहसा कुणाला घर सोडून भाड्यानं राहायला जावं लागत नाही.